ऑटोमॅटिक घड्याळाला चावी द्यायची की नाही? आण्णांच्या ‘कांचन’ची गोष्ट

मी लवळ्यातून बोलतोय. मध्येच कुत्रं भुंकलं किंवा डंपर गेल्याचा आवाज आला तर समजून घ्या. स्टुडिओ वगैरे काही नाही. आमच्या घरातली वरची खोली आहे, खिडकीला गोधडी लावलीय.

आजचा विषय म्हणजे एकच प्रश्न आहे. ऑटोमॅटिक घड्याळाला हाताने चावी द्यावी का? आमच्याकडे चावी म्हणतात, पुण्यात पेठेतली माणसं किल्ली म्हणतात. घड्याळाच्या बाजूला जे छोटं गोल बटण असतं, क्राऊन, ते फिरवायचं. म्हणजे घड्याळ हाताच्या हालचालीवर आपोआप भरतं असं कंपनी सांगते, तर मग आपण वरून फिरवायचं की नाही?

उत्तर आधीच सांगून टाकतो. द्या. पण थोडी द्या, मोजून द्या, आणि जुनं घड्याळ असेल तर सर्व्हिसिंग झाल्यावरच द्या. ज्यांचा स्टॉप आला असेल त्यांनी इथं बंद केलं तरी चालेल. बाकीच्यांना हे उत्तर मला कसं मिळालं ते सांगतो. कारण मी ते चुकून शिकलोय, आणि ती चूक माझ्या घड्याळावर नाही, माझ्या वडिलांच्या घड्याळावर केलीय.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांकडे एचएमटी ‘जनता’ होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखाद्या डब्यात हे घड्याळ पडलेलं असेल. एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, बंगळूरची सरकारी कंपनी. मुळात ती यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायची, लेथ, मिलिंग वगैरे. मग 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने त्यांनी मनगटी घड्याळं सुरू केली. पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्याकडे घड्याळ म्हणजे एचएमटी असंच होतं. दहावी पास झालं की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, रिटायर झालं की एचएमटी.

‘जनता’ हे चावीचं घड्याळ. त्याला रोज चावी द्यावीच लागते. आबा सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून चावी द्यायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. एक दिवस त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “फिरव. हळू. घट्ट लागलं की थांबायचं. पुढं ढकलायचं नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. घट्ट लागलं की थांबायचं. ‘जनता’साठी ते शंभर टक्के बरोबर आहे. माझा सगळा घोळ याच वाक्यामुळे झाला.

आता थोडं आतलं यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. फार तांत्रिक करत नाही.

घड्याळात एक गोल डबी असते, तिला बॅरल म्हणतात. त्या डबीत पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळलेली असते, ती मेन स्प्रिंग. चावी दिली की पट्टी आवळली जाते. मग ती हळूहळू सैल होते आणि सैल होताना चाकं फिरवते. सगळी ताकद एवढीच. सेल नाही, चार्जर नाही. साध्या चावीच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीला पक्कं अडकवलेलं असतं. त्यामुळे स्प्रिंग पूर्ण आवळली की क्राऊन पुढे जात नाही, बोटाला कळतं. आबांचं ‘घट्ट लागणं’ ते हेच.

ऑटोमॅटिकमध्ये याच डबीवर आणखी एक व्यवस्था बसवलेली असते. घड्याळाच्या पाठीमागे अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, रोटर. हात हलला की ते फिरतं, आणि चाकांच्या साखळीतून तीच स्प्रिंग थोडी थोडी आवळत राहतं. आता विचार करा. माणूस दिवसभर हात हलवतोय, रोटर फिरतोय, स्प्रिंग भरली तरी फिरतोच आहे. मग स्प्रिंग तुटायला नको का?

तुटत नाही. कारण ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीला पक्कं बांधलेलं नसतं. ते डबीच्या भिंतीला दाबून बसलेलं असतं. स्प्रिंग पूर्ण भरली की ते टोक भिंतीवरून थोडं घसरतं, जादा ताण निघून जातो, आणि पुन्हा पकडतं. ही घसरणारी स्प्रिंग एड्रियन फिलिप यांनी 1863 मध्ये काढली, म्हणजे पाटेक फिलिप कंपनीतले फिलिप. मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ येण्याच्या कितीतरी आधी.

म्हणजे ‘जास्त चावी दिली की ऑटोमॅटिकची स्प्रिंग तुटते’ हे जे आपल्याला काका-मामा सांगतात, ते खरं नाही. पण याचाच अर्थ असाही होतो, की ऑटोमॅटिक कधीच घट्ट लागत नाही. तुम्ही फिरवत राहा, ते फिरत राहील. ते तुम्हाला ‘बास’ म्हणत नाही.

आता आण्णांच्या घड्याळाकडे येऊ. आण्णा म्हणजे माझे वडील. 1992 ला लग्न झालं तेव्हा आईच्या वडिलांनी त्यांना एचएमटी ‘कांचन’ दिलं. सोनेरी, वार-तारीख दाखवणारं, डायलवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं. त्या काळात ‘कांचन’ म्हणजे लग्नातला मान होता. आण्णा पिरंगुटला एका कारखान्यात लेथवर होते. गंमत म्हणजे त्यांचं लेथ मशीनही एचएमटीचंच होतं. मशीनवर असताना घड्याळ काढून खिशात ठेवायचं, ड्युटी सुटली की घालायचं. मग सायकल, नंतर लुना, घरी आल्यावर गोठा, शेत. त्यांच्या हातावर ते घड्याळ कधी बंद पडलं नाही. चावी दिलेली मी पाहिलीच नाही. मला तर लहानपणी वाटायचं की या घड्याळाला चावी नसतेच.

दोन वर्षांपूर्वी आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. हॉस्पिटलमध्ये त्यांचं घड्याळ काढून आईकडे दिलं, आईने ते पर्समध्ये ठेवलं, आणि त्या सगळ्या धावपळीत ते पर्समध्येच राहिलं. तीन आठवड्यांनी घरी आलो. बोलणं बऱ्यापैकी परत आलं होतं. पाय हळूहळू उचलत होते. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तसाच.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा घड्याळ मागितलं. मी वेळ लावली, तारीख लावली, थोडं हलवलं, काटा चालू झाला, आणि त्यांच्या डाव्या हातात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर बंद. पुन्हा लावलं. पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, “हात गेला, त्याच्या मागं घड्याळ बी गेलं बघ.”

हसत म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. वेळ विचारायची तर आईला विचारायचे, भिंतीकडे बघायचे. मनगटावर घड्याळ असून.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट चालत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही आमची सवय. म्हणून मी ते घड्याळ स्वतः घालून बघितलं. रविवारी शेतावर गेलो, पाण्याचे पाईप ओढले, दिवसभर इकडेतिकडे. घड्याळ रात्रभर मस्त चाललं. सोमवारी घरून काम. नऊ वाजता लॅपटॉपसमोर बसलो ते संध्याकाळी सातला उठलो. मंगळवारी दुपारी घड्याळ बंद.

म्हणजे घड्याळात मोठा बिघाड नव्हता. त्याला हालचाल मिळत नव्हती. आण्णांचा हात हलत नव्हता म्हणून ते बंद पडायचं, आणि माझा हात कीबोर्डवर असूनही हलत नव्हता म्हणूनही बंद पडायचं. टायपिंगला बोटं हलतात हो, मनगट कुठे हलतं? रोटरच्या दृष्टीने मी आणि टेबलावर ठेवलेलं घड्याळ, दोघं सारखेच.

इथं एक मजेशीर इतिहास सांगतो. मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ पहिल्यांदा कारखान्यात बनवून बाजारात आणलं ते जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजींनी. 1924 मध्ये त्यांना स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या घड्याळाला क्राऊनच नव्हता! कारण त्यांचं म्हणणं, क्राऊनच्या भोकातूनच धूळ आणि ओल आत जाते. मग भोकच नको. वेळ लावायची तर काचेभोवतीची कडी फिरवायची. आणि बंद पडलं तर? हात हलवा. चावी द्यायचा प्रश्नच ठेवला नाही. 1931 मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला, आणि त्यात क्राऊन होताच.

तेव्हापासून दोन विचार चालत आलेत. एक म्हणतो ऑटोमॅटिकला चावी हवीच कशाला. तुमच्यापैकी कुणाकडे जुनं सेको 5 असेल, ज्यात 7एस26 नावाचं मशीन आहे, तर बघा, त्यात क्राऊन फिरवून चावी बसतच नाही. ते सुरू करायचं तर अर्धा मिनिट आडवं हलवायचं. दुसरा विचार म्हणतो की बंद पडलेलं घड्याळ सुरू करायला चावी हवी. सेकोच्याच नव्या 4आर36 मशीनमध्ये चावी बसते, आणि त्यांच्या माहितीपत्रकात साधारण 55 फेऱ्यांत पूर्ण भरतं असं लिहिलेलं असतं. रोलेक्सवाले बंद पडलेल्या घड्याळाला निदान 25 फेरे द्या म्हणतात.

तर आण्णांच्या ‘कांचन’ला चावी बसते, हे मला एका रात्री कळलं. आण्णा झोपले होते. घड्याळ उशाशी होतं. मी सहज क्राऊन फिरवला आणि आतून बारीक करकर आवाज आला. ओळखीचा. आबांच्या ‘जनता’सारखा.

मी फिरवत राहिलो. घट्ट लागायची वाट बघत. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. घट्ट लागेना. मला वाटलं, अजून भरलं नाही वाटतं. आणखी दिले. सकाळी आण्णांच्या हातात घातलं. दिवसभर चाललं. रात्रभर चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी मनगटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा मनगटाकडे बघितलं. आणि आईला म्हणाले, “चालतंय की गं.”

आता इथं मी जे केलं ते चूक की बरोबर, तुम्ही ठरवा. मी त्यांना सांगितलं नाही. त्या आठवड्यात फिजिओथेरपीवाल्या मॅडम यायला लागल्या होत्या, आणि आण्णा व्यायामाला कंटाळा करत होते. घड्याळ चालू राहिल्यापासून त्यांचा व्यायाम वाढला. उजव्या हाताने डावा हात धरून वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, त्यांना वाटतंय की या हालचालीने घड्याळ चालतंय. खरं तर अर्ध्या तासाच्या त्या व्यायामाने स्प्रिंग फारशी भरत नाही. पण मी गप्प बसलो. आणि रोज रात्री, आण्णा झोपले की, गुपचूप साठ-सत्तर फेरे. एक दिवसही चुकायचा नाही, कारण चुकलं की बंद पडणार, आणि बंद पडलं की आण्णा पुन्हा भिंतीकडे बघणार.

तीन महिने असं चाललं.

मग एका रात्री फेरे देताना क्राऊन जड लागला. आणि आतून आवाज आला, भर्रर्र. पंखा फिरतो तसा. मी थांबलो, पुन्हा थोडं फिरवलं, पुन्हा भर्रर्र. तुम्ही ऑटोमॅटिक घालत असाल तर हा आवाज लक्षात ठेवा. चावी देताना आतला रोटर स्वतः गरगरा फिरतोय, असा त्याचा अर्थ. तो फिरायला नको असतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी आणखी दहा फेरे दिले. मग क्राऊन घसरायला लागला. सकाळी घड्याळ बंद.

पुण्यात पेठेत एक घड्याळजी काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, जिन्याखाली दुकान. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि पहिला प्रश्न विचारला, “शेवटचं तेलपाणी कधी केलं होतं?” मला आठवेना. आईला फोन लावला. आई म्हणाली, तुझ्या मुंजीच्या, नाही, तुझ्या दहावीच्या आधी कधीतरी. म्हणजे पंधरा वर्षं तरी झाली होती.

काकांनी मला स्टुलावर बसवून दाखवलं. मी तुम्हाला जमेल तसं सांगतो. स्प्रिंगच्या डबीवर एक मोठं दातेरी चाक असतं. तुम्ही क्राऊनने चावी दिली तरी तेच चाक फिरतं, आणि रोटरने भरलं तरी तेच चाक फिरतं. दोन रस्ते, एकच फाटक. आता तुम्ही क्राऊनने ते चाक फिरवता, तेव्हा रोटरच्या बाजूची चाकंही ओढली जातात. तो धक्का रोटरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये एक सुटणारं चाक ठेवलेलं असतं. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. पेडल मारलं की चाक फिरतं, पण चाक फिरलं म्हणून पेडल फिरत नाही. तसंच.

फ्रीव्हीलमध्ये तेल सुकून चिकट झालं तर काय होतं? सायकलचं पेडल आपोआप फिरायला लागतं. घड्याळात तेच झालं होतं. पंधरा वर्षांचं तेल, त्याचा गोंद झालेला. मी रोज साठ-सत्तर फेरे देत होतो, आणि प्रत्येक फेऱ्याला ती चाकं अडकत, ओढली जात होती. शेवटी एका चाकाचे दात झिजले.

मी विचारलं, म्हणजे ऑटोमॅटिकला चावी द्यायचीच नाही? काका म्हणाले, “चावी दिल्याने बिघडलं नाही. कोरड्याला चावी दिल्याने बिघडलं. आणि एवढी कशाला द्यायची? सुरू करायला द्यायची. पुढचं त्याचं ते बघतं.”

मग खरा प्रश्न आला. चाक मिळणार कुठून? एचएमटीच्या घड्याळाचा कारभार बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली. त्याच्या आधीच उत्पादन आटलं होतं. आता सुटा भाग मिळतो तो दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून. काकांनी ड्रॉवरमधून एक पत्र्याचा डबा काढला, त्यात काच फुटलेली, काटे नसलेली डझनभर एचएमटी होती. म्हणाले, ठेवून जा, बघतो.

एक जाता जाता सांगतो. ऑनलाइन ‘जुनं एचएमटी, एकदम नवीन कंडिशन’ म्हणून हजार-दीड हजारात जी चकाचक घड्याळं मिळतात, त्यातल्या बऱ्याच घड्याळांची डायल पुन्हा रंगवलेली असते आणि आतले भाग चार घड्याळांमधून जमवलेले असतात. हौस म्हणून घ्यायचं तर घ्या, पण आजोबांची आठवण म्हणून घेत असाल तर आधी घरातले डबे शोधा.

घरी आलो. आण्णांच्या मनगटावर घड्याळ नाही. ते विचारणार हे नक्की होतं. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं, सर्व्हिसिंगला दिलंय. पण तोंडातून सगळंच बाहेर पडलं. तीन महिने रात्री चावी देत होतो, चाक झिजलं, भाग मिळेल की नाही माहीत नाही.

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला काय कळत नव्हतं का? तीस वर्षं घातलंय ते. हात हलत नाही तर रोटर कशानं फिरल?” लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मी त्याला यंत्र शिकवायला निघालो होतो.

मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, “तू देत होतास ना. द्यावीशी वाटत होती तर दे म्हटलं.”

म्हणजे मी त्यांना जपत होतो आणि ते मला जपत होते. मध्ये घड्याळ मेलं.

दहा दिवसांनी काकांचा फोन आला. चाक मिळालं होतं. सगळं घड्याळ खोलून, धुऊन, नवीन तेल घालून तयार. पैसे देताना मी विचारलं की आता नेमकं काय करायचं ते नीट सांगा. त्यांनी सांगितलेलं, आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळलेलं, एकत्र सांगतो. हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिलं. तुमच्या घड्याळाच्या मशीनला हाताची चावी बसते का, ते बघा. मशीनचा नंबर मागच्या झाकणावर किंवा माहितीपत्रकात असतो. 7एस26 सारख्या मशीनमध्ये क्राऊन कितीही फिरवा, काही होणार नाही. ते हलवूनच सुरू करायचं, पण डमरूसारखं नाही, हळू.

दुसरं. बंद पडलेलं घड्याळ सुरू करायचं असेल तर वीस-तीस फेरे द्या आणि हातात घाला. पुढचं रोटर बघेल. नुसतं हलवून काटा चालू झाला म्हणजे भरलं असं होत नाही. स्प्रिंग अगदी थोडी भरलेली असली की काटा चालतो, पण वेळ नीट धरेलच असं नाही, आणि रात्रीत बंद पडतं. मी पहिल्या दिवशी हेच केलं होतं.

तिसरं. घट्ट लागायची वाट बघू नका. लागणार नाही. मोजा.

चौथं. चावी देताना घड्याळ हातातून काढा. मनगटावर ठेवून फिरवलं की क्राऊनच्या दांड्यावर तिरका जोर येतो. पाण्यात चालणारं घड्याळ असेल आणि क्राऊन आट्याचा असेल तर आधी उलटा फिरवून सोडवा, आणि नंतर न विसरता, हलका दाब देऊन पुन्हा बसवा. रोज उघडझाप केली की आटेही झिजतात.

पाचवं. चावी देताना भर्रर्र आवाज आला, रोटर फिरतोय असं हाताला जाणवलं किंवा क्राऊन जड लागला, तर तिथंच थांबा आणि घड्याळजीकडे जा. मी दहा फेरे जास्त दिले, तुम्ही एकही देऊ नका.

सहावं. जुनं घड्याळ डब्यातून निघालं, की आधी चावी देऊन बघायचा मोह होतो. आवरा. आधी तेलपाणी, मग चावी. नेहमी वापरातलं घड्याळ असेल तरी पाच-एक वर्षांनी दाखवून घ्या.

सातवं. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख बदलायला जाऊ नका. तेव्हा तारखेची चाकं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात. काटे फिरवून सहाच्या आसपास आणा, मग तारीख लावा.

आणि शेवटचं. ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडलं म्हणजे बिघडलं असं नाही. कपाटात ठेवलं की दीड-दोन दिवसांत ते थांबणारच. त्याला सतत चालू ठेवायला मोटरची पेटी घ्यायची गरज नाही. थांबू द्या. घालायचं तेव्हा वीस फेरे.

आता आण्णांचं सांगतो आणि थांबतो. घड्याळ आणलं त्या दिवशी आण्णा म्हणाले, उजव्या हातात घाल. मी इतके दिवस हे सुचवायला घाबरत होतो. उजवा हात हलतो, त्यामुळे घड्याळ आपलं आपण चालतं. खरं तर प्रश्न तिथंच संपला. चावीची गरजच राहिली नाही.

पण रात्री झोपताना घड्याळ काढतात. आणि सकाळी आता एक कार्यक्रम असतो. चावी द्यायला दोन हात लागतात, तुमच्या लक्षात आलंय का कधी? एका हाताने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. फिजिओच्या मॅडमना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, छान आहे, डाव्या हाताने धरायची सवय होईल, करू द्या. तर आण्णा पलंगावर बसतात, मांडीवर उशी. मी घड्याळ त्यांच्या डाव्या हातात देतो, बोटं मिटून देतो. उजव्या हाताने ते क्राऊन फिरवतात आणि मोठ्याने मोजतात.

पहिल्या दिवशी तीन फेरे झाले आणि घड्याळ उशीवर पडलं. काही दिवस चार-पाचवरच अडकले होते. गेल्या आठवड्यात अकरापर्यंत गेले. उरलेले मी देतो. वीस झाले की आण्णा म्हणतात, “बास. त्याला काय कळत नाही, आपणच थांबायचं.”

चला, डंपर आला बघा. आजच्यापुरतं एवढंच. घरात कुणाचं जुनं घड्याळ असेल तर चावी द्यायच्या आधी विचारा, शेवटचं तेलपाणी कधी झालं होतं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.